साखर जिथे नावापुरती असते

सेंद्रिय ट्रान्झिस्टरच्या ग्लुकोज-संवेदकांची ओळख करून देताना सगळ्यात आधी त्यांच्या संवेदनशीलतेचे कौतुक होते. २०११ साली हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठातील फेंग यान यांच्या गटाने ५ नॅनोमोलर इतके विरळ ग्लुकोजही टिपणारा असा संवेदक प्रसिद्ध केला. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी ग्लुकोज असते सुमारे ५ मिलिमोलर, म्हणजे लिटरमागे जवळपास ९०० मिलिग्रॅम. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अडचणीचा प्रश्न उभा राहतो. रक्तातली साखर या उपकरणाच्या किमान मर्यादेच्या दहा लाख पट आहे. मग इतक्या तीक्ष्ण उपकरणाने रक्त तपासून मिळवायचे काय? या प्रस्तावनेत हाच प्रश्न मध्यभागी ठेवला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: संवेदनशीलतेला किंमत येते ती जागेमुळे. साखर मुबलक असेल तिथे ती निरुपयोगी ठरते, प्रसंगी अडचणीचीही. साखर नावापुरती असेल तिथे मात्र तिच्यावाचून चालत नाही. कालपरवापर्यंत अहमदनगर म्हणून ओळखला जाणारा आणि बोलण्यात अजूनही नुसता 'नगर' असलेला अहिल्यानगर जिल्हा हे म्हणणे तपासायला सोयीचा आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात इथे प्रवरानगरला झाली, आणि खेड्यातल्या बायकांच्या हाती आरोग्यसेवा सोपवण्याचा जगभर अभ्यासला गेलेला प्रयोग इथेच जामखेडला झाला. साखरेचे मोजमाप या दोन्ही ठिकाणी लागते, पण प्रश्न वेगवेगळे आहेत.

आधी उपकरण समजून घेऊ. 'सेंद्रिय' म्हणजे इथे कार्बनी रेणूंच्या लांब साखळ्यांचा, वीज वाहून नेणारा पॉलिमर. प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ वीज वाहू शकतो हे हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी १९७७ मध्ये दाखवले आणि २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दरम्यान १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत व्हाइट, किटलसेन आणि राइटन यांनी सोन्याच्या सूक्ष्म विद्युताग्रांवर पॉलिपिरोलचा थर चढवून असा ट्रान्झिस्टर तयार केला, जो द्रावणात बुडवून चालवता येत होता. रचना साधी आहे. सोर्स आणि ड्रेन या दोन टोकांमध्ये पॉलिमरची पातळ पट्टी. तिच्यावर तपासायचा द्रव. आणि द्रवाला टेकलेले तिसरे टोक, म्हणजे गेट. गेटवर थोडा विद्युतदाब दिला की द्रवातले आयन पट्टीत शिरतात. नेहमीच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये सगळा व्यवहार पृष्ठभागाशी होतो. इथे आयन पट्टीच्या संपूर्ण जाडीत उतरतात, त्यामुळे गेटवरच्या अगदी लहान बदलाने पट्टीतून वाहणारा प्रवाह मोठ्या प्रमाणात बदलतो. हे सारे एक व्होल्टच्या आत घडते, म्हणून पाण्याचे विघटन होत नाही आणि लहानशी बॅटरी पुरते. ग्लुकोज ओळखायचे काम मात्र पॉलिमरचे नाही. ते ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचे आहे. ॲस्परजिलस नायगर या बुरशीपासून मिळणारे हे विकर ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडते. प्लॅटिनमच्या गेटवर त्या पेरॉक्साइडची पुढची अभिक्रिया होते, गेटचा परिणामी दाब सरकतो, आणि ट्रान्झिस्टर तो बदल जागच्या जागी मोठा करून दाखवतो. विकर आणि विद्युताग्र यांची ही सांगड लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्येच सुचवली होती. त्या साखळीत ट्रान्झिस्टरने आणलेली भर म्हणजे हे जागच्या जागी होणारे वर्धन.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही, आणि नवाही नाही. पवईच्या आयआयटीत ए. क्यू. कॉन्ट्रॅक्टर यांच्याभोवती जमलेल्या गटाने १९९२ मध्ये 'ॲनालिटिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात वाहक पॉलिमरवर आधारलेल्या जैवसंवेदकाविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत हुआ, सुरेश कुमार, पुणेकर, श्रीनिवास आणि लाल ही नावे आहेत. म्हणजे रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, पदार्थविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिकी या शाखा एका टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी निवडलेला पॉलिमर होता पॉलिॲनिलीन. भोवतालची आम्लता बदलली की त्याची वाहकता बदलते, आणि विकराच्या क्रियेतून शेवटी ग्लुकोनिक आम्ल तयार होत असल्याने ग्लुकोजची बातमी वाहकतेतून वाचता येते. १९९६ मध्ये सांगोडकर आणि सहकाऱ्यांच्या निबंधात याच मार्गाने एक पाऊल पुढे पडले: ऑक्सिडीकृत सिलिकॉनवर सोन्याची, एकमेकांत गुंतलेल्या दातऱ्यांची विद्युताग्रे, त्यांवर विद्युत-रासायनिक पद्धतीने चढवलेला पॉलिमर आणि विकर, आणि एकाच मांडणीत ग्लुकोज, युरिया व ट्रायग्लिसराइड यांचे मोजमाप. पुढे जगभर पॉलिॲनिलीनची जागा मुख्यतः पीडॉट-पीएसएस या पॉलिमरने घेतली, कारण पॉलिॲनिलीन आम्ल माध्यमात उत्तम वाहते पण उदासीन द्रवात, म्हणजे शरीरातल्या बहुतेक द्रवांच्या स्थितीत, ढिले पडते. २००४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मॅलियारस यांच्या गटाने उदासीन द्रवात चालणारा साधा ग्लुकोज-ट्रान्झिस्टर दाखवल्यावर हे क्षेत्र झपाट्याने वाढले. पवईचे काम त्याच्या बारा वर्षे आधीचे आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. अभिमानासाठी नव्हे तर पुढच्या हिशेबासाठी: ज्ञान हाताशी असूनही उपकरण जिल्ह्यापर्यंत का पोचले नाही, याचे उत्तर फक्त 'पैसा नव्हता' एवढ्यात संपत नाही. ते वापरायची योग्य जागा कोणती, हेही कोणी नेमके ठरवले नव्हते.

ही जागा ठरवायला उपकरणाचे गणितच मदत करते. २००८ मध्ये बर्नार्ड्स, मॅलियारस आणि सहकाऱ्यांनी विकरयुक्त सेंद्रिय ट्रान्झिस्टरच्या प्रतिसादाचे सूत्र मांडले. त्यानुसार गेटचा परिणामी दाब पेरॉक्साइडच्या प्रमाणाशी सरळ पटीत बदलत नाही, तो लॉगरिदमने बदलतो. व्यवहारात याचा अर्थ असा की ग्लुकोज दुप्पट झाले की दाब तत्त्वतः सुमारे ९ मिलिव्होल्टने सरकतो, रचनेनुसार त्याच्या काही पट. आणि हे सरकणे ग्लुकोज १ मायक्रोमोलरवरून २ वर गेले तरी तेवढेच, १०० वरून २०० वर गेले तरी तेवढेच. विरळ द्रावणासाठी याच्यासारखे सुख नाही, कारण अत्यल्प साखरेतला फरकही मोठ्या साखरेतल्या फरकाइतकाच ठळक दिसतो. आता हेच गणित रक्ताला लावू. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक साखर असेल तर मधुमेहाचे निदान होते. १२० आणि १२६ यांतला फरक पाच टक्क्यांचा. लॉगरिदमच्या सूत्रात तो एक मिलिव्होल्टच्याही आत मावतो. म्हणजे ज्या गुणामुळे हा ट्रान्झिस्टर विरळ द्रावणात चमकतो, त्याच गुणामुळे मुबलक साखरेतला बारीक भेद तो अंधुक करतो. विद्युत्-धारा सरळ पटीत मोजणाऱ्या ग्लुकोमीटरच्या साध्या पट्टीला हा त्रास नाही. संवेदनशीलता आणि अचूकता या एकच गोष्ट नव्हेत. या दोहोंची गल्लत हा या विषयातला सगळ्यात महागडा गैरसमज आहे.

त्यामुळे पहिला आक्षेप मी आक्षेप म्हणून न घेता मान्यच करतो. गावातल्या मेडिकलमध्ये ग्लुकोमीटर मिळतो, पट्टी मिळते, बोटाला टोचले की काही सेकंदांत आकडा दिसतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला? रक्तापुरते हे अगदी खरे आहे. १९८७ मध्ये पेनाएवढे विद्युत-रासायनिक मीटर बाजारात आले, तेव्हापासून रक्तशर्करेच्या घरगुती मोजमापाचा प्रश्न मूलतः सुटला. त्यांच्यासाठीचा आंतरराष्ट्रीय निकष, आयएसओ १५१९७, २०१३ पासून सांगतो की डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅम व त्यावरच्या साखरेसाठी शंभरांतली पंचाण्णव मोजमापे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या आगेमागे १५ टक्क्यांत असावीत. चांगले मीटर हे करतात. ज्याला मधुमेह आहे, औषध किंवा इन्शुलिन चालू आहे, त्याने सेंद्रिय ट्रान्झिस्टरची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पण प्रश्न ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नाही त्यांचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना मधुमेहपूर्व स्थिती असल्याचा अंदाज दिला. यांतल्या ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यापर्यंत दवाखान्याने जायचे आहे. त्यांनी दवाखान्यात यायचे नाही.

जामखेडचे महत्त्व इथे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावानेच निवडलेल्या, बहुधा शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, पुष्कळशा दलित समाजातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. गरोदरपण, बाळंतपण, कुपोषण, लसीकरण, पिण्याचे पाणी ही कामे त्यांनी सांभाळली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्येच या प्रयोगाची दखल घेतली आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजच्या आशा कार्यकर्तीची कल्पना अशाच प्रयोगांच्या वाटेने आली. आज सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह व रक्तदाबासाठी चाळणी करायची असते. आशा घरोघरी जाऊन जोखमीचा फॉर्म भरते आणि पुढे बोटाच्या रक्ताची तपासणी होते. अडते ती याच पायरीवर. सुई, रक्ताची भीती, वापरलेल्या सुयांची विल्हेवाट, मजुरी बुडवून शिबिराला येणे, या एकेक अडचणी किरकोळ वाटल्या तरी मिळून माणसे गाळतात. रक्ताऐवजी लाळ तपासता आली तर सुईशी संबंधित अडचणी तरी मिटतात. पण लाळेत ग्लुकोज रक्तापेक्षा कित्येक दहापट, अनेकदा शंभरपट कमी असते, आणि तिथे बाजारातली पट्टी हतबल होते. ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल विद्यापीठात पॉल दस्तूर यांच्या गटाने लाळेसाठीच सेंद्रिय ट्रान्झिस्टर छापण्याचा मार्ग धरला तो या कारणाने. पॉलिमरची शाई करता येते, आणि शाई असेल तर उपकरण वर्तमानपत्रासारखे छापता येते; सिलिकॉनच्या कारखान्याची गरज उरत नाही. संवेदनशीलता आणि स्वस्ताई अशा दोन्ही गोष्टी एकाच पदार्थातून मिळतात, आणि त्या दोहोंची एकदम गरज भासते ती घरोघरच्या चाळणीलाच.

लाळेच्या या चाळणीवर घेतला जाणारा सगळ्यात वजनदार आक्षेप इलेक्ट्रॉनिकीचा नाही, शरीरशास्त्राचा आहे. लाळेतली साखर रक्तातल्या साखरेचा विश्वासू आरसा आहे का? लाळेचा प्रवाह दिवसभर बदलतो, जेवणाचा अंश तोंडात राहतो, हिरड्यांना सूज असेल तर रक्तद्रव्य लाळेत मिसळते, तोंडातले जीवाणू साखर खाऊन टाकतात. तंबाखू-मिश्री लावणाऱ्याच्या तोंडाचा हिशेब आणखी वेगळा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? संवेदक नॅनोमोलरपर्यंत पोचला तरी लाळेत जी बातमीच नाही ती तो निर्माण करू शकत नाही. हे मान्य करूनच पुढे जायला हवे. लाळेवरून इन्शुलिनची मात्रा ठरवणे चुकीचे होईल, आणि तसे कोणी सुचवत असेल तर त्याला तिथेच थांबवावे. चाळणीचे काम मात्र निराळे असते. तिने अचूक आकडा द्यायचा नसतो. ज्यांची रक्ततपासणी आधी व्हायला हवी अशांना वेगळे काढायचे असते. त्यासाठी सकाळी उपाशीपोटी, चूळ भरून, ठरावीक वेळाने घेतलेली लाळ आणि त्याच वेळचे रक्त अशा जोड्या मोठ्या संख्येने तपासून, किती रुग्ण सुटतात आणि किती निरोगी उगाच घाबरवले जातात हे मोजावे लागेल. लोणीचे प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशा कामासाठी योग्य ठिकाणी आहे. चाचणीत लाळ नापास झाली तर ते उत्तरही स्वीकारावे लागेल, आणि तेव्हा दोष ट्रान्झिस्टरला देता येणार नाही.

दुसरे आक्षेप पदार्थाचे आहेत आणि तेही खरे आहेत. लाळेत आणि रक्तात युरिक आम्ल, ॲस्कॉर्बिक आम्ल असते. गेटवर त्यांचीही अभिक्रिया होते आणि उपकरण त्यांनाच साखर समजते. पीडॉट-पीएसएस हवेतला ओलावा शोषून फुगते. विकर उष्णतेने मरते, आणि नगरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. आशाची पिशवी थंड पेटीत ठेवली जात नाही. ग्लुकोज ऑक्सिडेज त्यातल्या त्यात चिवट विकर आहे आणि कोरडे ठेवले तर बरेच टिकते, म्हणून आजच्या पट्ट्याही ओलावा शोषणाऱ्या डबीत बंद असतात; सेंद्रिय ट्रान्झिस्टरलाही तेच पथ्य पाळावे लागेल. इतर रसायनांच्या लुडबुडीवरचा उपाय म्हणजे एकाच पट्टीवर दोन ट्रान्झिस्टर छापणे: एकावर विकर, दुसऱ्यावर नाही. दोघांच्या उत्तरांतला फरक तेवढा साखरेचा. छपाईत एक जास्तीचा ट्रान्झिस्टर फारसा महाग पडत नाही, हाही या मार्गाचा फायदा. तरी छापलेल्या दोन पट्ट्या तंतोतंत सारख्या निघणे ही अजून न जिंकलेली लढाई आहे. प्रयोगशाळेतला उत्कृष्ट नमुना आणि लाखातली कोणतीही एक पट्टी यांत जे अंतर आहे, ते मिटल्याशिवाय चाळणीचा दावा कागदावरच राहील.

लाळेचा निकाल लागायला वेळ आहे, पण याच जिल्ह्यात एक जागा अशी आहे जिथे शरीरशास्त्राचा घोळ नाही आणि विरळ साखरेची गरज निःसंशय आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला आणि त्यापाठोपाठ संगमनेर, कोळपेवाडी, सोनई, भेंडे असे कारखाने आले. कारखान्यात साखर मोजायची म्हटले की आपल्याला उसाचा रस, ब्रिक्स आणि उतारा आठवतो. पण रसात साखर शेकडा पंधरा-सतरा भाग असते. तिच्यासाठी शेतात वापरायचा हातातला ब्रिक्समीटर पुरतो. म्हणजे रसाची गोष्ट रक्तासारखीच. अडचण येते ती कंडेन्सेटमध्ये. रस आटवताना निघालेल्या वाफेचे पाणी गरम आणि जवळजवळ शुद्ध असते, म्हणून ते पुन्हा बॉयलरला दिले जाते. कधी रस उकळताना थेंब वाफेबरोबर उडतात, कधी नळी गळते, आणि साखर त्या पाण्यात उतरते. बॉयलरच्या उष्णतेत तिची आम्ले होतात, पाण्याला फेस येतो, नळ्यांच्या आत कार्बनचा थर बसतो, नळी तापून फाटू शकते. ऐन गळीत हंगामात बॉयलर बंद पडला तर गव्हाणीपाशी ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग लागते आणि तोडलेल्या उसातली साखर दर तासाला घटत जाते. म्हणून लॅबमधला केमिस्ट ठरावीक वेळाने परीक्षानळीत थोडे कंडेन्सेट घेतो, अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या अल्फा-नॅफ्थॉलचे काही थेंब टाकतो आणि नळी तिरकी धरून कडेने तीव्र गंधकाम्ल सोडतो. दोन द्रवांच्या सीमेवर जांभळे कडे उमटले तर साखर आहे.

ही चाचणी स्वस्त आणि भरवशाची आहे. मग बदलायची कशाला? कारण ती दोन नमुन्यांमधल्या वेळेत आंधळी असते, आणि कडे फिके की गडद हे रात्रपाळीच्या डोळ्यांवर सोडते. सतत पाहणारे वाहकतामापी असतात, पण साखरेचे रेणू आयन नसल्याने वीज वाहत नाहीत. मीटरला दिसतात ते रसाबरोबर आलेले क्षार. क्षार कमी असलेला पाक उडाला तर मीटर गाफील राहतो. विकरयुक्त ट्रान्झिस्टर मात्र साखरेलाच ओळखतो. उसाची साखर सुक्रोज असल्याने आधी इन्व्हर्टेजने तिचे तुकडे करावे लागतात आणि निघालेले ग्लुकोज ऑक्सिडेजला चालेल अशा बीटा रूपात आणायला म्युटारोटेज लागते; तिन्ही विकरे एकत्र वापरण्याची रीत जुनी आहे. लिटरमागे एक मिलिग्रॅम सुक्रोज म्हणजे सुमारे ३ मायक्रोमोलर, आणि मायक्रोमोलर पातळी या संवेदकांनी २००७ पासून गाठलेली आहे. उकळत्या कंडेन्सेटमध्ये विकर जगणार नाही, म्हणून नमुना आधी थंड करावा लागेल. शुद्ध पाण्यात ट्रान्झिस्टरला लागणारे आयन नसतात, म्हणून त्यात बफर मिसळावा लागेल. पट्टी दर काही दिवसांनी बदलावी लागेल. पण या अडचणी नळजोडणीच्या आहेत. जिथे लॅब, केमिस्ट आणि वीज आधीच आहे तिथे त्या सुटण्यासारख्या आहेत, आणि उपकरण चुकलेच तर जुनी परीक्षानळी शेजारी उभी आहे. माणसाच्या आरोग्याचा निर्णय त्यावर सोपवण्याआधी उपकरणाने हा हंगाम काढून दाखवावा. विरळ साखरेचे असे सलग मोजमाप शक्य आहे याचा दाखलाही आहे: २०२१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी अशाच ट्रान्झिस्टरने जिवंत झाडाच्या जलवाहिन्यांतल्या रसामधली विरळ साखर दोन दिवस सलग मोजली आणि तिचे दिवसरात्रीचे चढउतार दाखवले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थेला यातून उसाच्या अभ्यासाची वेगळी दिशा मिळू शकते.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने एक कसोटी हाताशी ठेवावी. प्रत्येक नव्या संवेदकाचा किमान मर्यादेचा आकडा दिसला की विचारावे: हा कोणत्या द्रवासाठी, त्या द्रवात साखर मुळात असते किती, आणि हे उपकरण हातात कोण धरणार आहे? रक्तासाठी नॅनोमोलरचा गाजावाजा करणाऱ्या दाव्याला या तीन प्रश्नांपुढे फारसे काही सांगता येणार नाही. लाळेच्या दाव्याला लोणीसारख्या ठिकाणी रक्ताशी ताडून पाहिलेला पुरावा द्यावा लागेल. कंडेन्सेटच्या दाव्याला एक हंगाम पुरेल. क्रमही असाच असावा: आधी कारखाना, मग चाळणी, आणि उपचार सर्वांत शेवटी, झालाच तर. संशोधनाचा पैसा आणि वैद्यकीय उत्साह आज बहुतेक उलट दिशेने धावतो, कारण मधुमेहाचे नाव घेतले की अनुदान मिळते आणि बॉयलरच्या पाण्याचे नाव घेतले की मिळत नाही. तरी ज्या जिल्ह्याने साखर आणि आरोग्य या दोन्ही बाबतींत इतरांच्या आधी पाऊल टाकले, त्याने हा क्रम सुलटा करून पाहण्यात तोटा काहीच नाही.